भाड्याची खाकी : नाशिकमध्ये मिळणाऱ्या ‘पोलीस संचा’चं परीक्षण

नाशिकच्या ड्रेपरीच्या दुकानांत ‘पोलीस संच’ मागितला की साधारण एकच गठ्ठा समोर येतो. खाकी शर्ट-पँट, टोपी, पट्टा, बिल्ल्यांचा डबा, काठी, फायबरचं पिस्तूल आणि बेड्या. थोडी ओळख निघाली तर जीपवाल्याचा नंबर मिळतो आणि ठाण्याच्या सेटसाठी टेबल, बाक, फायलींचा ढीगही मिळतो. दुकानांची नावं इथे देत नाही, कारण हे परीक्षण दुकानाचं नसून संचाचं आहे. दुकान बदललं तरी गठ्ठा फारसा बदलत नाही.

स्नेहसंमेलनाला किंवा एकांकिका स्पर्धेला हा संच पुरतो. पंधराव्या रांगेतून खाकी दिसली की काम झालं. पोलीसपटाला मात्र तो जसाच्या तसा चालत नाही. कापड भाड्याने घ्यायला हरकत नाही, चामडं आणि जीप भाड्यानेच घ्यावी. खांद्यावरचं, छातीवरचं आणि टेबलावरचं सगळं स्वतः करून घ्यावं. आमचा निकाल हा असा आहे आणि त्याची कारणं पुढे आहेत.

नाशिकमध्ये याबाबत जास्त काटेकोर राहावं लागतं. त्र्यंबक रस्त्यावर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे, राज्यातले फौजदार तिथे घडतात. नाशिक रोडला मध्यवर्ती कारागृह आहे, शहरात प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे, शहर पोलिसांचं आयुक्तालय वेगळं आणि ग्रामीणचं अधीक्षक कार्यालय वेगळं. ज्या घरात रोज खाकीला इस्त्री होते, त्या घराला चुकीची फीत ट्रेलरमध्येच दिसते, आणि एकदा ती दिसली की पुढच्या दोन तासांवरचा विश्वास उडतो.

सुरुवात खांद्यापासून करू. दुकानातला बिल्ल्यांचा डबा उघडला की तारे भरपूर सापडतात, फिती मात्र मोजक्याच. मग ड्रेसमन हाताला लागतील तेवढे तारे लावून मोकळा होतो आणि सगळा घोळ तिथे होतो. हिशेब असा आहे. शिपायाच्या खांद्यावर तारा नसतो. हवालदाराच्या बाहीवर तीन फिती, टोक खाली. सहायक उपनिरीक्षकाला एक तारा आणि लाल-निळी फीत, उपनिरीक्षकाला दोन तारे आणि लाल-निळी फीत. सहायक निरीक्षक, म्हणजे आपला एपीआय, तीन तारे लावतो पण त्याची फीत नुसती लाल असते. निरीक्षकाचे, म्हणजे पीआयचे, तारेही तीनच, फीत लाल-निळी. सहायक आयुक्त (एसीपी) किंवा उपअधीक्षक (डीवायएसपी) झाला की तारे तीनच राहतात आणि फीत जाते. म्हणजे तीन ताऱ्यांचे तीन वेगवेगळे अधिकारी आहेत आणि त्यांच्यातला फरक बोटभर रुंदीच्या कापडी फितीवर ठरतो. ती फीत डब्यात नसते. सुईदोऱ्याच्या दुकानातून लाल आणि गडद निळी रिबन आणून शिवून घेणं हे दहा मिनिटांचं काम आहे. ते वाचवायला गेलं की पीआय साहेब पडद्यावर थेट एसीपी होतात आणि संवादात हवालदार त्यांना पीआय म्हणत राहतो.

दोन फितींचा ‘नाईक’ आजच्या कथेत दाखवू नका, ते पद आता राहिलेलं नाही. जुन्या काळातली गोष्ट असेल तर तो हवाच. आणखी मागे, सत्तरच्या दशकात जायचं असेल तर शिपायाला हाफ पँट लागते. अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९८० ते १९८२ च्या दरम्यान, ती जाऊन फुल पँट आली. दुकानात हाफ पँटचा संच क्वचितच मिळतो, आणि मिळाला तरी तो बहुधा शाळकरी मुलांच्या मापाचा. तो शिवूनच घ्यायचा.

नावाची पट्टी उजव्या खिशावर, पदकांच्या फिती डाव्या बाजूला. संचातली पट्टी कधी इंग्रजीत असते, तर कधी तिच्यावर आधीच्या नाटकातलं नाव चिकटलेलं असतं. पट्टी मराठीत, काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत करून घ्या. रबरी शिक्के आणि पाट्या करणारा कोणीही ती एका दिवसात देतो. प्रत्येक पात्राला निदान दोन पट्ट्या हव्यात, कारण मारामारीत पहिली तीच उडते. नाव ठरवण्याआधी एक गोष्ट तपासावी : कथेतलं ठाणं खरं असेल, समजा पंचवटी किंवा भद्रकाली, तर त्या ठाण्यात सध्या त्या नावाचा आणि हुद्द्याचा कोणी नाही ना. शिपाई-हवालदारांना बक्कल नंबर, म्हणजे प्रत्येकाचा ओळख क्रमांक, असतो. कागदपत्रांतही नावापुढे ‘ब. नं.’ लिहून तो येतो. पटकथेत नंबर ठरवून ठेवला नाही तर पहिल्या शेड्यूलला एक आणि दुसऱ्याला भलताच असा प्रकार हमखास होतो.

आता कापड. संचातलं टेरिकॉट धुऊन धुऊन पातळ झालेलं असतं आणि प्रत्येक जोडाची छटा वेगळी, एक पिवळट, एक हिरवट, एक मातीसारखा. डोळ्याला हे फार जाणवत नाही, पण सहा शिपाई एका ओळीत उभे केले की कॅमेऱ्यात पट्टे पट्टे दिसतात. रंगकामात ही छटा जुळवायला गेलं की चेहऱ्याचा रंगही सोबत सरकतो, कारण खाकी आणि आपली कातडी रंगाच्या हिशेबात शेजारी-शेजारी बसतात. म्हणून दुकानात ट्यूबलाइटखाली निवड करू नका. सगळे जोड बाहेर उन्हात आणून एकमेकांवर टाका आणि मोबाइलवर एकच फोटो घ्या. फरक लगेच कळतो. जे दोन-तीन जोड वेगळे दिसतील ते मागच्या रांगेसाठी ठेवा.

मुख्य पात्राची वर्दी भाड्याची नको, शिवून घ्या. ५८ इंची पन्ह्याचं कापड शर्टाला साधारण १.६ मीटर आणि पँटला १.२ ते १.३ मीटर लागतं. एकाच ताग्यातून चार जोड काढायचे. एक कडक इस्त्रीचा, एक धुळीचा आणि घामाचा, एक फाटलेला आणि रक्ताचा, चौथा एक माप मोठा. हा चौथा फाइट मास्टर मागतोच, कारण आत कोपर-गुडघ्याचे पॅड आणि हार्नेस बसवायचा असतो. डुप्लिकेटची उंची वेगळी असेल तर त्याचा पाचवा. ताग्याचं उरलेलं कापडही जपून ठेवा. ऐनवेळी खिसा उसवला की त्याच छटेचं ठिगळ दुसरीकडे कुठेच मिळत नाही. शिंप्याकडे जाताना निर्मितीसंस्थेचं पत्र सोबत असू द्या. वर्दी कोणासाठी शिवतोय हे विचारणारा शिंपी चांगला समजावा.

महिला पोलिसांच्या बाबतीत संच सर्वांत कच्चा आहे. बहुतेक ठिकाणी पुरुषांचाच शर्ट लहान मापात दिला जातो. खांद्याची शिवण दंडावर उतरते, पट्टा कमरेला न बसता पोटावर फिरतो. नायिका पीएसआय असेल तर भाड्याचा विचारच करू नका.

घामासाठी नुसतं पाणी मारलं तर दिव्यांखाली टेरिकॉट पाच-दहा मिनिटांत सुकतं आणि दुसऱ्या टेकला पाठ कोरडी दिसते. ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं करून स्प्रेच्या बाटलीत भरा, डाग टिकतो. शूट संपल्यावर तो शर्ट त्याच रात्री धुवायला टाका, नाहीतर चिकट डागावर धूळ बसून काळा नकाशा तयार होतो.

रक्त घरीच करता येतं, विकतच्या बाटलीची गरज नाही. २५० ग्रॅम लिक्विड ग्लुकोजला ५० ते ६० मिली पाणी, एक छोटा चमचा खाण्याचा लाल रंग, एक छोटा चमचा कोको पावडर आणि निळ्या रंगाचे दोन थेंब. कोको आधी थोड्या पाण्यात कालवून घ्यायचा, नाहीतर गुठळ्या होतात आणि त्या क्लोजअपमध्ये दिसतात. निळ्या थेंबांशिवाय रक्त सरबतासारखं भगभगीत येतं. कपड्यावर लावायच्या रक्तात भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब घातले तर डाग धुताना कमी त्रास होतो. तोंडात धरायच्या रक्तात ते अजिबात घालू नका, दोन्ही बाटल्यांवर वेगवेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या लावा. आधी उरलेल्या कापडाच्या तुकड्यावर रंग लावून धुऊन बघा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची पहाट दहा अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली जाते. तेव्हा हे रक्त काकवीसारखं घट्ट होतं आणि जखमेतून ओघळतच नाही. बाटली कोमट पाण्याच्या तपेल्यात ठेवा. उन्हाळ्यात उलटी अडचण येते : गोडाला मुंग्या आणि माश्या येतात, आणि मेलेला माणूस माशी हाकलू शकत नाही. टेकच्या आधी शेवटच्या क्षणाला रक्त लावणं हाच उपाय.

बूट, पट्टा, काठी, शिटी यांत संच चांगला आहे. चामडं जुनं असलं की उलट जास्त खरं वाटतं. पट्ट्याच्या बक्कलला पॉलिश करून घेतलं की झालं. बेड्या मात्र चावीसकट तपासा. एकाच चावीने उघडणाऱ्या तीन जोड्या आणि दुसरी चावी कोणाकडेच नाही अशी वेळ येते, आणि हात अडकलेला कलाकार जेवणाच्या सुट्टीत तसाच बसतो. शिवाय ऊठसूट बेड्या घालणं हेच चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच त्यावर बंधनं घातली. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३(३) मध्ये कोणत्या गुन्ह्यांत आणि कशा आरोपीला बेड्या घालता येतात ते दिलेलं आहे. किरकोळ पाकीटमाराला भर बाजारातून बेड्या घालून नेणारा प्रसंग आजच्या कथेत नको.

टोपीबद्दल एकच. डोक्यावर टोपी नसेल तर हात उचलून सॅल्यूट होत नाही, सावधान होऊन उभं राहतात. संचात टोप्या कमी पडतात म्हणून निम्म्या शिपायांना बोडकं उभं करायचं आणि सगळ्यांना सॅल्यूट ठोकायला लावायचा, ही चूक फार सर्रास दिसते. टोप्या कमी असतील तर तोंडाने ‘जय हिंद सर’ आणि ताठ उभं राहणं एवढंच ठेवा, तेच बरोबर आहे.

पिस्तुलाच्या बाबतीत संच आम्हाला अजिबात पटलेला नाही. फायबरचं हलकं खेळणं हातात दिलं की नटाचं मनगट खोटं बोलायला लागतं. भरलेलं ग्लॉक १७ पिस्तूल साधारण ९०० ग्रॅमचं असतं, ते कमरेच्या पट्ट्याला खाली ओढतं, हात लांब केला की दंडावर येतं. खेळण्याच्या मुठीत शिशाचे तुकडे भरून वजन वाढवता येतं. चांगल्या रबराचं किंवा धातूचं डमी मुंबईहून प्रॉपर्टीवाल्याकडून आणणं जास्त बरं. दुसरी गोष्ट आवाजाची. ग्लॉकला मागे घोडा नसतो आणि बोटाने सरकवायची सेफ्टीही नसते, तरी ध्वनी-संकलनात ‘खट्’ करून घोडा ओढल्याचा आवाज टाकला जातो. तो आवाज हवाच असेल तर पात्राच्या हातात .३८ चं रिव्हॉल्व्हर द्या. मग रिव्हॉल्व्हरची पुंगळी प्रत्येक गोळीला बाहेर उडत नाही हेही लक्षात ठेवा, ती चकरीतच राहते. चकरीत गोळ्या सहा. सातवा बार झाला की प्रेक्षक मोजतातच.

ब्लँक (गोळी नसलेलं काडतूस) म्हणजे निर्धोक, असं कोणी सेटवर म्हणत असेल तर त्याच्या हातात शस्त्र देऊ नका. ब्लँकमध्ये गोळी नसली तरी दारू असते, नळीतून गरम वायू आणि बूच जोराने बाहेर पडतं. जवळून ते प्राण घेऊ शकतं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू मेक्सिकोत चित्रीकरणाच्या तालमीत खरी गोळी सुटून छायाचित्रकार हलिना हचिन्स गेल्या, तिथे तर शस्त्र रिकामं असल्याचं समजूनच हातात दिलं होतं. लहान बजेटच्या कामात ब्लँकचा विचारच सोडून द्या. डमी वापरा, नटाला झटका द्यायला शिकवा आणि नळीचा जाळ संगणकावर टाका. २४ फ्रेमच्या गतीला तो एकच फ्रेम पुरतो, दोन झाले की फटाका दिसतो. डमी शस्त्रांची जबाबदारी एकाच माणसाकडे असावी. सकाळी मोजून घ्यायची, प्रत्येक टेकनंतर हातातून परत घ्यायची, संध्याकाळी मोजून कुलपात. नटाच्या कमरेला लावून त्याला जेवायला पाठवायचं नाही.

जीप चांगली मिळते. बोलेरो सहज, आणि चालकही घाटरस्त्याला सरावलेले. पण दारावरची अक्षरं आधी वाचा. नाशिक शहर आणि नाशिक ग्रामीण ही दोन वेगळी घरं आहेत. पंचवटी, सातपूर, अंबड, देवळाली कॅम्प, नाशिक रोड शहराच्या आयुक्तालयात येतात. त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, सिन्नर, निफाड ग्रामीणमध्ये. ‘नाशिक शहर पोलीस’ लिहिलेली जीप त्र्यंबकच्या खुनाचा पंचनामा करायला उभी केली की गोष्ट तिथेच फसते. हुद्देही बदलतात : शहरात डीसीपी (उपायुक्त) आणि एसीपी, ग्रामीणमध्ये एसपी (अधीक्षक) आणि डीवायएसपी. शहराच्या कथेत ‘एसपी साहेब बोलावतायत’ हे वाक्य आलं तर लेखकाकडे परत पाठवा. भाड्याच्या जीपवर अजून १०० नंबरचा जुना स्टिकर असतो. आजची गोष्ट असेल तर तिथे ११२ हवं.

अक्षरं आणि पट्टे चुंबकाच्या शीटवर करून घ्या. लोकेशनवर गाडी उभी राहिल्यावर लावायचे, निघताना काढायचे. पोलिसांची अक्षरं आणि दिवा लावून गाडी मुंबई नाक्यावरून पळवत नेणं हा चित्रीकरणाचा भाग होत नाही. सायरन रस्त्यावर वाजवूच नका, तो नंतर टाकता येतो. नंबरप्लेटही रस्त्यावर बदलायची नाही. गाडीची स्वतःची एमएच-१५ ची प्लेट मालकाच्या लेखी परवानगीने दाखवा, नाहीतर बंद आवारात तेवढ्यापुरती बदला.

दिव्याची तांत्रिक अडचण आधी सोडवून ठेवावी लागते. स्वस्तातले लाल-निळे एलईडी दिवे सतत जळत नाहीत, फार वेगाने चालू-बंद होत असतात. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, त्यामुळे अर्धी चौकट लाल आणि अर्धी काळी असे आडवे पट्टे येतात. ठाण्यातल्या जुन्या ट्यूबलाइटचंही तेच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. २५ फ्रेमला शटर १/५०, किंवा २४ फ्रेमला शटरचा कोन १७२.८ अंश ठेवला की ट्यूबची थरथर जाते. जीपच्या दिव्याची खात्री याने होत नाही, कारण तो गाडीच्या बॅटरीवर, स्वतःच्या वेगाने चालतो. म्हणून भाडं ठरवायच्या आधी, संध्याकाळी, त्याच कॅमेऱ्यावर अर्ध्या मिनिटाची चाचणी घ्या. पट्टे आले तर दिवा नुसता दिसायला ठेवा आणि भिंतीवरचा लाल-निळा उजेड आपल्या दिव्यांनी पाडा.

ठाण्याच्या सेटचं सामान म्हणून जे मिळतं ते वाईट नाही, फार जुनं आहे. टेबलावर हिरवं कापड, टाइपरायटर, लाल फितीच्या फायली, मागे गंजका पंखा. हे ठाणं वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं. आता गुन्हा संगणकावर, सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक प्रणालीत नोंदवला जातो. ठाणे अंमलदारापुढे संगणक, प्रिंटर, वायरलेसचा संच आणि टेलिफोन हवा. भिंतीवर हद्दीचा नकाशा, आजवरच्या प्रभारी अधिकाऱ्यांची नावं आणि तारखा असलेला लाकडी फलक, अटकेतल्या माणसाचे हक्क सांगणारा बोर्ड (सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात घालून दिलेले), महापुरुषांच्या तसबिरी. २०२० च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसकट, सीसीटीव्ही बसवायला सांगितलं. छतावर कॅमेऱ्याचा घुमट नसलेलं लॉकअप आता जुनाट दिसतं. कथेत मारहाण असेल तर तो घुमट आहे, बंद आहे की त्याच्यावर फडकं टाकलंय, याचं उत्तर पटकथेत हवं. चांगला लेखक यातूनच प्रसंग काढतो.

लॉकअपमधल्या आरोपीचा कमरेचा पट्टा काढलेला हवा. अंगझडतीत तो काढून घेतात आणि त्याची नोंद होते. भाड्याच्या कपड्यांत आरोपी पट्टा लावून गजाआड बसलेला बऱ्याचदा दिसतो.

खरा पोलीसपट कागदावर उभा राहतो, आणि संचातले कागद कोरे, रद्दी किंवा चुकीचे असतात. हे काम कलाविभागातल्या एका माणसाला दोन दिवस देऊन करून घ्या. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. त्या तारखेनंतर घडलेल्या खुनाला ‘भा. दं. वि. ३०२’ लागत नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम १०३(१) लागतं. फसवणुकीचं ४२० जाऊन ३१८(४) आलं. कलम गुन्हा घडल्याच्या तारखेवरून ठरतं, त्यामुळे २०२३ च्या खुनाच्या कागदावर ३०२ च हवं, तपास पुढे कितीही वर्षं चालो. प्रथम खबर आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली, मृत्यूचा इन्क्वेस्ट पंचनामा १९४ खाली. गुन्ह्याचा क्रमांक ‘गु. र. नं.’ लिहून तिरक्या रेघेपुढे वर्ष. अटक केलेल्याला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं, त्यामुळे कलाविभागाने भिंतीवरचं घड्याळ आणि कॅलेंडर पटकथेशी जुळवलं पाहिजे. पोलिसापुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा होत नाही. आरोपी ढसाढसा रडून फौजदारापुढे सगळं कबूल करतो आणि पुढच्या दृश्यात त्याला शिक्षा होते, हे जुळत नाही. मध्ये दंडाधिकारी किंवा पुरावा यायलाच हवा.

मुद्देमालही असाच. रक्ताने माखलेला शर्ट चकचकीत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालणं पडद्यावर छान दिसतं, पण ओलं रक्त प्लॅस्टिकमध्ये कुजतं आणि बुरशी धरतं. कपडा सावलीत वाळवून कागदात बांधतात, वर चिठ्ठी, दोन पंचांच्या सह्या आणि लाखेचं सील. खाकी कागद, सुतळी, लाख आणि पितळी शिक्का, एवढ्यात हे दृश्य उभं राहतं, आणि लाख वितळताना घेतलेला क्लोजअप कुठल्याही पिशवीपेक्षा सुंदर दिसतो. मृतदेहाभोवती खडूची रेघ ओढायची नाही. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञांनी घटनास्थळी यावं, असं नवी नागरिक सुरक्षा संहिता सांगते. म्हणून चित्रात एक मोबाइल फॉरेन्सिक गाडी, हातमोजे घातलेली दोन माणसं आणि व्हिडिओ काढणारा एक शिपाई असू द्या.

परवानग्या दुकान काढून देत नाही, कोणी देतो म्हणाला तरी त्यावर विसंबू नका. महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे, अर्ज तिथे. त्याशिवाय ज्या हद्दीत शूट आहे त्या ठाण्याला लेखी कळवा : तारखा, वेळ, वर्दीत किती माणसं, डमी शस्त्रं किती, जीपचा नंबर. लोकसेवकाची वर्दी फसवण्याच्या हेतूने घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ खाली गुन्हा आहे. चित्रीकरणात तो हेतू नसतो. पण खाकीतला ज्युनिअर आर्टिस्ट रविवार कारंजावर चहाला गेला आणि कोणी त्याच्याकडे मदत मागायला धावत आलं, तर त्या माणसाची खरोखरच फसगत होते. वर्दीवर जाकीट घातल्याशिवाय कोणालाही सेटबाहेर सोडू नका. पोलिसांचा कुत्रा दाखवायचा असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटच्या आधी लागते, नंतर मिळत नाही.

लोकेशनबद्दल थोडकं. गोदाघाटावर बुधवारी आठवडे बाजार भरतो, त्या दिवशी सुरू केलेला प्रसंग गुरुवारी जुळत नाही. रामकुंडावर संध्याकाळी आरतीचा आवाज असतो, थेट ध्वनिमुद्रणाचा प्रसंग त्या वेळेला धरू नका. २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू असल्याने घाट महिन्या-महिन्याने बदलतोय. रेकी करताना काढलेल्या फोटोंवर तारीख टाका आणि शूटच्या आदल्या आठवड्यात पुन्हा जाऊन या. नाशिक रोडच्या नोटा आणि मुद्रांक छापखान्यांचा परिसर, देवळालीचा लष्करी भाग आणि ओझर विमानतळाजवळचा पट्टा यांच्या आसपास ड्रोन उडवायचा विचार मनातून काढा.

भाड्याचा हिशेब आधी कागदावर करून घ्या. दिवस कुठून मोजणार हे विचारा. संध्याकाळी नेलेला संच काही ठिकाणी दुसऱ्या दिवसापासून मोजतात, काही ठिकाणी त्याच दिवसापासून. रक्ताचे डाग, फाटणं आणि हरवलेले तारे यांचा दर आधी ठरवा, कारण अनामत रकमेतून कापलं जातं ते बहुतेक यासाठीच. नेताना तारे, बक्कलं आणि शिट्या मोजून चिठ्ठीवर लिहा, दुकानदाराची सही घ्या. परत करताना तीच चिठ्ठी पुढे ठेवा. धुलाई दुकानाची असेल तर ग्लिसरीनचे आणि रंगाचे डाग कुठे आहेत ते सांगून द्या, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला ते येणार नाहीत.

आणि तारखा बघून ठरवा. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि गणपतीचे दिवस हे ड्रेपरीवाल्यांचे हंगाम आहेत. त्या आठवड्यांत मोठ्या मापाच्या वर्द्याही एकांकिकावाले घेऊन जातात आणि टोप्या तर आधीच संपतात. वीस शिपायांचा बंदोबस्त दाखवायचा असेल तर शूट जूनमध्ये किंवा दिवाळीनंतर लगेच लावा, नाहीतर महिनाभर आधी अनामत भरून गठ्ठ्यावर चित्रपटाचं नाव लिहून ठेवायला सांगा.